मुंबईत छायाचित्रे काढायला चार दिवस पुरतील का?

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षिका आहे, वय २९. दोन वर्षांपूर्वी वापरलेला डीएसएलआर कॅमेरा विकत घेतला. त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची आणि नंतर घेतलेली ५० ची, अशा दोनच लेन्स माझ्याकडे आहेत. आजवर शेत, आठवडी बाजार, यात्रा आणि शाळेतली मुले एवढ्यांचीच छायाचित्रे काढली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवार ते रविवार, केवळ छायाचित्रांसाठी मुंबईला जायचे ठरवले आहे. मावशी डोंबिवलीला राहते, तिच्याकडे उतरेन. पाहण्याजोग्या ३१ ठिकाणांची यादी केली आहे, ती सोबत पाठवते. एवढी ठिकाणे चार दिवसांत कशी बसवावीत? मोठी झूम लेन्स भाड्याने घ्यावी का? लोक चिडतील का, पोलीस अडवतील का? वडील म्हणतात की एकट्या मुलीने महागाचा कॅमेरा गळ्यात अडकवून मुंबईत फिरू नये.

उत्तर : तुमची यादी मी दोनदा वाचली, आणि ती करताना तुम्ही किती मन लावले असेल हेही जाणवले. तरीही आधी हेच सांगते की त्या ३१ पैकी २४-२५ ठिकाणांवर या खेपेपुरती काट मारा. दिवसाला आठ ठिकाणे म्हणजे कान्हेरीच्या लेण्यांतून गेटवेला आणि तिथून पुन्हा वांद्र्याला अशी धावपळ होईल. दिवसाचे चार-पाच तास लोकल, टॅक्सी आणि रांगा यांतच जातील आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही नेमक्या तिथल्या उजेडाच्या वाईट वेळी पोहोचाल. गावाकडे शेताची छायाचित्रे काढताना तुम्ही भर दुपारी बांधावर जात नसाल. कोणत्या धुऱ्यावरून सकाळचे ऊन येते आणि संध्याकाळी कोणत्या झाडाची सावली कुठवर पडते, हे तुम्हाला न पाहता सांगता येईल. मुंबईबद्दलही तेवढेच आधी जाणून घ्यायचे आहे, आणि ते वाटते तितके अवघड नाही.

नकाशा समोर ठेवा. दक्षिण मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली जमिनीची अरुंद जीभ आहे. तिच्या पूर्वेला बंदर आहे आणि पश्चिमेला अरबी समुद्र. गेटवे, ससून डॉक, भाऊचा धक्का ही ठिकाणे पूर्वेची, म्हणून पहाटेची. मरीन ड्राइव्ह, वरळी, दादर चौपाटी ही पश्चिमेची, म्हणून संध्याकाळची. तुम्ही जाल त्या दिवसांत मुंबईत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर पाच-दहा मिनिटांत मावळतो. तुमच्या अकोल्यापेक्षा तिथे सुमारे पाव तास उशिरा उजाडते, हे गजर लावताना लक्षात असू द्या.

आता एकच जागा नीट समजावून सांगते, कारण ती समजली की बाकीच्या तुम्ही स्वतःच लावाल. ओव्हल मैदान. या मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर या गॉथिक धाटणीच्या दगडी इमारती आहेत. उच्च न्यायालयाची इमारत आणि टॉवर दोन्ही १८७८ साली पूर्ण झाले. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने टॉवरसाठी देणगी दिली होती. मैदानाच्या पश्चिमेला, रस्त्यापलीकडे, १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारतींची ओळ आहे आणि तिच्या उत्तर टोकाला १९३८ चे इरॉस चित्रपटगृह. समोरासमोर उभ्या असलेल्या या दोन काळांच्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बॅक बे या समुद्राच्या भागात भराव पडण्यापूर्वी गॉथिक इमारतींची तोंडे समुद्राकडे होती आणि नंतर मिळालेल्या जमिनीवर समोरची घरे उभी राहिली, म्हणून दोन्ही ओळी एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत.

छायाचित्रकाराला याचा उपयोग असा, की गॉथिक इमारतींचे तोंड पश्चिमेला आहे आणि आर्ट डेको घरांचे पूर्वेला. सकाळी मैदानाच्या मध्ये उभ्या राहिलात तर राजाबाई टॉवर उन्हाच्या विरुद्ध, काळसर आणि सपाट दिसेल. पण पाठ फिरवलीत तर आठच्या सुमारास, गॉथिक इमारतींची लांब सावली मागे सरली की, समोरच्या घरांवर ऊन चढू लागलेले असेल. त्या घरांच्या खिडक्यांवर पातळ छज्जे आहेत, त्यांना जाणकार भुवया म्हणतात. तिरप्या उन्हात त्या प्रत्येक भुवईची सावली भिंतीवर आडव्या रेघेसारखी पडते. साडेदहानंतर सूर्य वर चढतो तशी ती खाली लांबत जाते, रेघ उरत नाही आणि भिंत नुसती भिंत राहते. दुपारी चारनंतर पुन्हा या. आता ऊन तुमच्या पाठीशी असेल आणि टॉवरचा पिवळसर कुर्ला दगड मधासारखा दिसू लागेल. मधल्या मैदानावर एकाच वेळी क्रिकेटचे चार-पाच डाव चालू असतात, एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या गोलंदाजाच्या वाटेत उभा असतो, आणि मागे तो टॉवर. अशा ठिकाणी घाईने दहा छायाचित्रे काढून निघून जाऊ नका. बसा, एखादा डाव पाहा. माणसे कुठून कुठे धावतात हे अर्ध्या तासाने कळू लागते आणि मग चौकटीत काय येणार आहे याचा अंदाज आधी बांधता येतो. माझा आग्रह आहे की चार दिवसांत ओव्हलला निदान दोनदा जा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. जमले तर तिसऱ्यांदाही.

हाच हिशेब छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागू होतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीचे, जिला २००४ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, दर्शनी तोंड पश्चिमेला आहे. गाडीतून पहाटे उतरल्यावर प्रवासी लगेच तिचे छायाचित्र काढतात आणि ते निस्तेज येते. दुपारी चार ते पाच ही तिची वेळ. सूर्यास्तानंतरची पंधरा ते तीस मिनिटे त्याहून सरस, कारण तेव्हा इमारतीवरचे दिवे लागलेले असतात आणि आकाश अजून निळे असते. समोर महापालिकेची इमारत आहे, तीही स्टीव्हन्स यांचीच. तिच्या बाजूच्या पदपथावरून संपूर्ण दर्शनी भाग चौकटीत येतो. तिथे तिपाई उभी करायला जागा नसते आणि गर्दीत कोणाच्या पायात अडकली तर वाईट. त्यापेक्षा किलोभर तांदूळ भरलेली जाड कापडाची पिशवी घरून शिवून न्या. कठड्यावर पिशवी, तिच्यात रुतवलेला कॅमेरा आणि दोन सेकंदांचा टायमर, एवढ्यावर लाल बस आणि टॅक्सींच्या दिव्यांच्या रेघा स्वच्छ मिळतात.

मरीन ड्राइव्हबद्दल तुमचे नशीब चांगले आहे, कारण तुम्ही हिवाळ्यात जाता आहात. उन्हाळ्यात तिथल्या मधल्या भागातून पाहिले तर सूर्य मलबार हिलच्या आड जातो. डिसेंबरात तो नैर्ऋत्येला सरकलेला असतो आणि थेट समुद्रावर उतरतो. या दिवसांत मुंबईच्या हवेत धुरके असते, त्यामुळे लांबवरच्या उंच इमारती फिकट दिसतील. पण त्याच धुरक्यामुळे शेवटच्या काही मिनिटांत सूर्याचा गोळा लालसर आणि डोळ्यांना सोसेल असा होतो, आणि कठड्यावर बसलेल्या माणसांच्या आकृती त्याच्यापुढे छान उठून दिसतात. क्वीन्स नेकलेसचे, म्हणजे तिथल्या रात्रीच्या दिव्यांच्या वळणदार माळेचे, छायाचित्र लाखोंनी काढले आहे, तेही काढा, पण कठड्यावरच्या माणसांना अधिक वेळ द्या.

आणखी एका जागेविषयी मला मनापासून लिहायचे आहे, ती म्हणजे दादरचा फुलबाजार. पश्चिमेला, स्थानकाच्या अगदी जवळ, उजाडण्याच्या आधीपासून तो भरतो. तुमचा गुरुवार मार्गशीर्षात येतो का, हे दिनदर्शिकेत आजच पाहा. येत असेल, तर त्या पहाटे घटाच्या पूजेसाठी वेण्या, फुले, पाच प्रकारच्या पानांचे डहाळे आणि फळे घ्यायला बायकांची अशी झुंबड उडालेली असते, की रस्ता दिसत नाही. विदर्भाकडून रात्री निघालेल्या गाड्या सकाळी दादरला थांबतात. मावशीकडचे कोणी स्थानकावर येऊन तुमचे सामान ताब्यात घेणार असेल, तर उतरताच फक्त कॅमेरा घेऊन बाजारात शिरा. सामान घेणारे कोणी नसेल तर मात्र हा मोह टाळा आणि शनिवारी पहाटे वेगळ्या जा. खांद्यावर दोन पिशव्या घेऊन तिथे उभेही राहता येत नाही.

तिथे उजेड असतो तो टोपल्यांवर टांगलेल्या बल्बांचा. दिव्याखालचे चेहरे लख्ख आणि हातभर पलीकडे काळोख. कॅमेरा स्वतःच्या बुद्धीने तो काळोख उजळू पाहतो आणि मग पांढरी शेवंती, निशिगंध ही फुले कोऱ्या कागदासारखी होतात, पाकळी दिसत नाही. म्हणून उजेडाचे माप चेहऱ्यावरून किंवा फुलांवरून घ्या आणि एक्स्पोजर थोडे कमीच ठेवा. इथे ५० ची लेन्स उपयोगी पडेल. लेन्सचे छिद्र १.८ किंवा २, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, आणि शटर सेकंदाच्या १२५ व्या भागाहून मंद नको, कारण हार ओवणाऱ्या बोटांचा वेग आपल्याला वाटतो त्याहून खूप जास्त असतो. डोक्यावर पाटी घेतलेले हमाल ‘बाजू, बाजू’ करत येतात, त्यांच्या वाटेत उभ्या राहू नका. एखाद्या खांबाला टेकून एकाच जागी वीस मिनिटे थांबा. सुरुवातीला विकणारीकडून गजरा विकत घ्या, चार शब्द बोला, तुम्ही कुठल्या ते सांगा. तुमची वऱ्हाडी बोली ऐकून निम्म्या जणी स्वतःच गप्पा सुरू करतील.

झूम लेन्सचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे, म्हणून इथे सांगते. घेऊ नका. पंचवीस वर्षांपूर्वी मी उसन्या आणलेल्या लांब पल्ल्याच्या लेन्सने भाऊच्या धक्क्यावर एका कोळणीची छायाचित्रे काढत होते. ती कोळंबी निवडत बसली होती आणि मी पन्नास पावलांवरून, तिला कळणार नाही अशा बेताने, एकामागून एक बटण दाबत होते. पाचव्या की सहाव्या वेळी तिने मान वर केली. हातातले काम थांबवून पदर तोंडावर ओढला आणि मी जवळ गेले तेव्हा तिने एवढेच विचारले, की मी इथे बसलेली तुला दिसत होते, मग विचारायला का आली नाहीस? मला उत्तर देता आले नाही. ती छायाचित्रे तांत्रिकदृष्ट्या चांगली होती, पण मी कधी छापली नाहीत. तेव्हापासून ज्यांच्याजवळ जाऊन बोलता येत नाही त्यांचे छायाचित्र मी काढत नाही. लांबची लेन्स हवी ती पक्ष्यांना. तुमच्या यादीत शिवडीचे रोहित (फ्लेमिंगो) आहेत, पण त्यांच्यासाठी तशी लेन्स लागते, भरती-ओहोटीच्या वेळा जुळाव्या लागतात आणि त्यांची खरी गर्दी जानेवारीनंतर असते. ते पुढच्या खेपेला ठेवा. भाड्याचे पैसे वाचवून दुसरी बॅटरी आणि दुसरे मेमरी कार्ड घ्या. रोज रात्री छायाचित्रे दुसरीकडे उतरवून ठेवा आणि प्रवासात एकही छायाचित्र पुसू नका. छोट्या पडद्यावर वाईट वाटलेले घरी आल्यावर बरेचदा चांगले निघते.

लोक चिडतील का, असे तुम्ही विचारले आहे. विचारून काढलेत तर सहसा नाही. गिरगावातली खोताची वाडी तुमच्या यादीत आहे. ती माणसांची राहती घरे आहेत, प्रदर्शन नव्हे, आणि दारात येऊन छायाचित्रे काढणाऱ्यांना तिथले रहिवासी कंटाळलेले आहेत. दारे-खिडक्यांच्या आत कॅमेरा रोखू नका. लहान मुलांचे छायाचित्र आईवडिलांना विचारल्याशिवाय नको, आणि लोकलच्या महिला डब्यात तर कॅमेरा पिशवीतच राहू द्या, दिवसभर खपून परतणाऱ्या बायकांचा तो तेवढाच विसावा असतो. कोणाला छायाचित्र पाठवते म्हणालात, तर क्रमांक लिहून घ्या आणि खरोखर पाठवा.

पोलिसांचे म्हणाल, तर काही जागा स्पष्टपणे वर्ज्य आहेत. नौदलाची गोदी आणि लायन गेटचा परिसर, बंदराचे बंदिस्त भाग, विमानतळ. ससून डॉकमध्ये मासळीचा लिलाव पहाटे पाहण्यासारखा असतो, पण तिथे छायाचित्रणाला मनाई केली जाते. आत जाऊन पाहा, वास आणि आवाज अनुभवा, आणि परवानगी नसेल तर कॅमेरा बाहेर काढू नका. रेल्वे स्थानकांत मोबाइलकडे कोणी पाहत नाही, मोठा कॅमेरा मात्र लगेच नजरेत येतो. कोणी हटकले तर वाद न घालता कॅमेरा बंद करा. घारापुरीला पुरातत्त्व विभागाच्या नियमाने तिपाईला वेगळी परवानगी लागते आणि सोमवारी लेणी बंद असतात, पण तुमच्या चार दिवसांत सोमवार नाही. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक धरा. गेटवेहून सुमारे तासाचा प्रवास आहे, आणि बोट धक्क्यापासून दूर जाताना सकाळच्या उन्हात उजळलेले गेटवेचे समुद्राकडचे तोंड दिसते, जे जमिनीवरून असे समोरून दिसत नाही. आतली प्रचंड महेशमूर्ती दक्षिणेकडच्या भिंतीत, उत्तरेला तोंड करून आहे, तिच्यावर थेट ऊन पडत नाही. बाजूंच्या मोकळ्या चौकांतून परावर्तित होऊन येणारा मऊ उजेड तेवढा असतो. फ्लॅश लावू नका. खांबाला टेकून श्वास रोखा, आयएसओ वाढवा आणि तिन्ही मुखांवर तो उजेड कसा कमी-अधिक पडला आहे ते आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा.

आता वडिलांचे म्हणणे. त्यांची काळजी खरी आहे, ती झटकून टाकू नका, तिला व्यवहाराने उत्तर द्या. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. साडी नेसून, कॅमेऱ्याचे जड सामान घेऊन त्या सायकलवरून कामाला जात, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ही गोष्ट वडिलांना जरूर सांगा, पण तेवढ्याने त्यांना झोप लागणार नाही. त्यांना हे सांगा की पहाटे आणि रात्री उशिरा तुम्ही एकट्या नसाल, मावसबहीण किंवा मावसभाऊ सोबत असेल. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नव्हे, आडवा खांद्यावरून असेल आणि गर्दीत पिशवी पोटाशी. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि बिल घरी लिहून ठेवलेले असेल. मोबाइलमध्ये ११२ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक असतील. सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ परतणाऱ्या लोकलमध्ये कॅमेरा घेऊन चढू नका.

त्यावरून राहण्याचा विषय निघतो. मावशीचा आग्रह मोडणे कठीण आहे हे मी समजू शकते, पण डोंबिवली ते सीएसएमटी जाता-येता रोज अडीच तास जातील, आणि जे तास जातील ते नेमके उजेडाचे. गुरुवारची रात्र मावशीकडे काढा आणि शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री फोर्ट भागात, महिलांसाठी सुरक्षित अशा साध्या निवासात खोली घ्या, शक्य तर मावसबहिणीला सोबत घेऊन. मग दुपारी बारा ते साडेतीन, जेव्हा ऊन डोक्यावर असते, तुम्हाला खोलीवर येऊन झोपता येईल. ती झोप घ्याच. पहाटे चारला उठलेला माणूस दुपारी उन्हात फिरत राहिला तर संध्याकाळी, नेमक्या वेळी, त्याचे डोळे काही पाहत नाहीत. वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर कॅमेरा दहा-पंधरा मिनिटे पिशवीतच ठेवा, नाहीतर लेन्सवर वाफ धरते, आणि समुद्रावरून आल्यावर खारट ओल मऊ कापडाने पुसून घ्या.

रविवार सकाळ ओव्हल आणि फोर्टसाठी राखून ठेवा. कचेऱ्या बंद असतात, हुतात्मा चौक आणि काळा घोडा परिसरातले रस्ते मोकळे असतात आणि इमारतींपुढे उभ्या केलेल्या गाड्या निम्म्याने कमी होतात, आठवड्यात एवढी सोय दुसऱ्या कोणत्याही दिवशी नाही. मात्र रविवारी दिवसा मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद ठेवतात. त्याचे वेळापत्रक शनिवारच्या वर्तमानपत्रात पाहून घ्या, सामान फोर्टातच असू द्या, आणि मावशीचा निरोप रविवारऐवजी शुक्रवारी सकाळीच घ्या, म्हणजे रात्रीच्या गाडीसाठी तुम्हाला डोंबिवलीहून उलटे धावत यावे लागणार नाही.